अंड्याची कॉफी आणि तिसरं ‘नको’

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे, पण चहाची नव्हे. चहाच्या किटल्या चिमुकल्या असतात, नाजूक सोंडेच्या. माझ्या पोटात एका वेळी साठ कप कॉफी मावते, आणि मी भरलेली असले की मला उचलायला दोन बायका लागतात. अंग राखाडी, त्यावर पांढरे ठिपके, दोन्ही बाजूंना जाड कड्या. दिसायला मी देखणी नाही, हे मला ठाऊक आहे. पण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या लिंडेन फॉल्स गावात एके काळी माझ्याशिवाय पान हलत नसे, हेही तितकंच खरं.

माझा जन्म शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याला आकार दिला, एनॅमलच्या लेपात बुडवलं आणि भट्टीत घातलं. सगळं इतकं झटपट उरकलं की बालपण म्हणावं असं मला काही आठवतच नाही. आठवतं ते चर्चचं तळघर. चर्चच्या महिला मंडळाने वर्षभर गोधड्या शिवून विकल्या आणि मला आणलं. पहिल्याच दिवशी एका बाईने माझं झाकण उघडून आत डोकावलं आणि म्हणाली, “अगं बाई, हिच्यात तर माझा धाकटा मावेल!” सगळ्या खदखदून हसल्या. मला तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं.

आता आमच्या कॉफीबद्दल सांगायलाच हवं. आमच्या गावातली बहुतेक घरं नॉर्वे-स्वीडनहून आलेल्यांची. हे लोक कॉफीच्या भुकटीत अख्खं अंडं फोडतात, टरफलासकट. हाताने कालवून त्याचा काळा चिखल करतात आणि तो माझ्यातल्या उकळत्या पाण्यात सोडतात. चार उकळ्या आल्या की मला खाली उतरवून वरून पेलाभर थंडगार पाणी ओततात. सगळा गाळ अंड्याला बिलगून तळाशी बसतो आणि वर उरते मधाच्या रंगाची नितळ कॉफी. ऐकून नाक मुरडू नका. प्यायल्याशिवाय मुरडलेलं नाक मी मानत नाही.

आमच्याकडे एक कॉलेज आहे; ते टेकडीवर आणि गाव खाली, नदीकाठी. गावातले लोक कॉलेजवाल्यांना ‘टेकडीवरचे’ म्हणत. टेकडीवरचे गावाला काय म्हणत ते मला कधीच कळलं नाही, कारण आमच्या तळघरात आल्यावर ते फक्त “आणखी एक कप” एवढंच म्हणत. दर ऑगस्टच्या शेवटी नवी पोरं यायची. त्यांना सोडायला आलेल्या आयांचे डोळे भरून यायचे आणि बाप उगाच गाडीची चाकं तपासत बसायचे. अशा सगळ्यांना आम्ही कॉफी द्यायचो. लग्नं, बारशी, अंत्ययात्रा, निवडणुकांचं मतदान, काही असो, आधी माझ्याखाली चूल पेटायची.

एका जानेवारीत सकाळी कॉलेजच्या मुख्य इमारतीला आग लागली. बाहेर थंडी इतकी की बंबाच्या नळ्यांतलं पाणी गोठत होतं. दोनशे पोरंपोरी अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्या तळघरात उतरली. त्या दिवशी मी अकरा वेळा भरले आणि अकरा वेळा रिकामी झाले. गडबडीत माझी सोंड दाराच्या चौकटीवर आपटून एनॅमलचा टवका उडाला, पण दुखतंय कुणाला! कॉलेजच्या प्राचार्यांनी माझ्या अंगावर दोन्ही हात ठेवले. ऊब घ्यायला ठेवले होते, मी ते कौतुक समजले. अजूनही तसंच समजते.

गेली चाळीस वर्षं माझी मालकीण म्हणजे आर्डिस टोलेफसन. मालकीण म्हणजे कागदोपत्री नव्हे, मी चर्चचीच. पण तळघरातलं स्वयंपाकघर आर्डिसच्या हातात होतं आणि मला तिचे हात ओळखीचे होते. तिने कधी मापटं वापरलं नाही. माझ्या आत, गळ्याच्या जरा खाली, सांध्याची एक रेघ आहे. पाणी त्या रेघेपर्यंत, अंडी तीन, भुकटी ओंजळीने. झालं. हळूहळू बाकीच्या जुन्या बाया गेल्या आणि ही कॉफी करणारी गावात आर्डिस एकटीच उरली.

मग चर्चमध्ये विजेवरचं यंत्र आलं. बटण दाबलं की कॉफी. मला फडताळात सारण्यात आलं. मी रागावले नाही, असं म्हणणार होते. पण खोटं कशाला बोला, चांगलीच रागावले. त्याच सुमारास गावाला दीडशे वर्षं झाली. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या नदीन कास्तेलानो बाईंनी जुन्या बंबखान्यात गावाचं छोटं संग्रहालय मांडलं. त्या उन्हाळ्यापुरतं म्हणून त्यांनी मला मागून नेलं आणि काचेच्या कपाटात बसवलं. खाली पाटी लावली: ‘कॉफीची किटली, सुमारे १९३४.’ त्या ‘सुमारे’चा मला आजही राग येतो.

नदीनबाई मनाने सोन्यासारख्या. पण त्या दूरच्या न्यू जर्सीच्या, आणि आमच्या गावाची रीत त्यांना कुणी सांगितली नव्हती. ती रीत अशी: कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. दुसऱ्यांदाही ‘नको’. तिसऱ्यांदा विचारलं की मान जराशी तिरकी करून म्हणायचं, ‘तुमची अडचण होणार नसेल तर...’ आणि आपण होऊन कुणाकडे काही मागायचं म्हणजे तर लाज सोडल्यासारखंच. एकदाच विचारून थांबणारा माणूस आमच्याकडे कंजूष तरी समजला जातो, नाहीतर परगावचा.

उन्हाळा संपला. आर्डिस मला बघायला आली तेव्हा नदीनबाईंनी तिला विचारलं, “आर्डिसबाई, किटली परत आणून देऊ ना चर्चमध्ये?”

“छे छे, कशाला उगाच त्रास!” आर्डिस म्हणाली.

“बरं तर! मग राहू दे इथेच.” नदीनबाईंना केवढा आनंद झाला.

आर्डिस तशीच उभी राहिली. तिने हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले. दुसरा प्रश्न आलाच नाही. मी आतून बघत होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं. पण किटलीला शिटी नसेल तर ती काय ओरडणार!

दोन वर्षं मी काचेआड काढली. धूळ नव्हती, थंडी नव्हती, लोक वाकून बघायचे. तक्रार करायला जागा नव्हती, फक्त काम नव्हतं. आणि मग या सप्टेंबरात आर्डिस आणि तिची जिवाभावाची मैत्रीण व्हर्ना लिंडक्विस्ट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“ऑक्टोबरात नव्वद पुरी होतील माझी,” व्हर्ना म्हणाली. “केक नको, भेटी नकोत, भाषणं तर अजिबात नकोत. फक्त तुझ्या हातची अंड्याची कॉफी कर, आर्डिस. ती पिऊन मग मी सुखाने मरायला मोकळी.”

“मरायचं काय घेऊन बसलीस? केली बघ मी कॉफी,” असं म्हणताना आर्डिसने काचेकडे बघितलं.

तिने घरी मोठ्या पातेल्यात करून पाहिली, दोनदा. दोन्हीदा गाळ वरच तरंगला. पातेल्यात माझी रेघ नव्हती ना! हे मला कळलं ते ती माझ्या कपाटासमोर नवऱ्याला सांगत होती त्यावरून. तिचा नवरा ऑर्व्हिल. दिवसाला दहा शब्द बोलला तर त्या दिवशी बडबड झाली असं समजायचं. आता दर गुरुवारी आर्डिस संग्रहालयात कपाटं पुसायला येऊ लागली. माझी काच पुसता पुसता ती नदीनबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, “इथे छान दिसते हो ही. कामात असायची तेव्हा तर आणखीच छान दिसायची.” आमच्या गावात याहून स्पष्ट कुणी बोलत नाही. आणि नदीनबाई काय करायच्या? वही काढून ते वाक्य टिपून घ्यायच्या! म्हणायच्या, “किती मोलाची आठवण सांगितलीत!” असे सहा गुरुवार गेले. व्हर्नाचा वाढदिवस तीन दिवसांवर आला.

त्या सहाव्या गुरुवारी आर्डिसने रुबार्ब नावाच्या भाजीच्या देठांच्या आंबटगोड वड्या आणल्या होत्या. माझ्याच कपाटासमोर टेबल मांडून आर्डिस, व्हर्ना, ऑर्व्हिल आणि नदीनबाई बसले. बघता बघता ताटलीत एकच वडी उरली. शेवटची वडी आमच्याकडे कुणी उचलत नाही. व्हर्नाने तिचे दोन तुकडे केले आणि एक खाल्ला. ऑर्व्हिलने उरलेल्याचे दोन केले आणि एक खाल्ला. आता ताटलीत नखाएवढा तुकडा राहिला.

“घे गं नदीन,” व्हर्ना म्हणाली.

“नको, पोट भरलं.”

“घे की.”

“नको, खरंच नको.”

“अगं, एवढासा तर आहे!”

“नाही हो, आता शक्यच नाही.”

“बरं. तीनदा नको म्हणाली, म्हणजे हिला खरंच नको,” व्हर्नाने निकाल दिला आणि तो तुकडा तोंडात टाकला.

नदीनबाईंचा कप हातातच राहिला. “थांबा. तीनदा म्हणजे? मग पहिलं ‘नको’ म्हणजे काय?”

“पहिलं ‘नको’ म्हणजे हो.”

“आणि दुसरं?”

“तेही हो. फक्त जरा सभ्य.”

नदीनबाई सावकाश वळल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आर्डिसकडे. आर्डिस ताटलीतले कण बोटाने टिपत होती, मान खाली घालून.

“आर्डिसबाई, किटली परत हवीये का तुम्हाला?”

“छे, छे. इथे छान आहे ती.”

“आर्डिसबाई, हवीये का?”

“नाही हो. तुमचं कपाट रिकामं दिसेल.”

नदीनबाईंनी मोठा श्वास घेतला. “आर्डिसबाई, तिसऱ्यांदा विचारतेय. हवीये का?”

आर्डिसची मान जराशी तिरकी झाली. “तुमची अडचण होणार नसेल तर...”

“ट्रक मागच्या दाराला लावलाय,” ऑर्व्हिल म्हणाला. सगळ्या त्याच्याकडे बघू लागल्या. “सहा गुरुवार तिथेच लावतोय.”

मित्रांनो, दोन वर्षं काचेत राहून मी जितकी चकचकीत झाले नव्हते तितकी त्या ट्रकच्या फळीवर धूळ खात जाताना झाले.

रविवारी तळघरात माझ्याखाली पुन्हा आच पेटली. सुरुवातीला मी जरा कुरकुरले, पण लगेच सूर सापडला. नदीनबाई बाह्या सरसावून आल्या होत्या. “टरफलासकट?” त्या किंचाळल्या. “टरफलासकट,” आर्डिस म्हणाली, “आणि हाताने. चमच्याने कळत नाही.” आर्डिसच्या बोटांना आता कंप सुटतो, म्हणून तिने नदीनबाईंचा हात धरून तो त्या काळ्या चिखलात फिरवला. पाणी कुठवर ते दाखवताना तिने माझ्यातल्या रेघेवर त्यांचं बोट टेकवलं. एका बाजूची कडी आर्डिसने धरली, दुसऱ्या बाजूची नदीनबाईंनी. गाळ निमूट खाली बसला.

व्हर्नाने पहिला कप डोळे मिटून प्यायला. कप रिकामा झाल्यावर आर्डिसने विचारलं, “आणखी देऊ?”

“हो,” व्हर्ना म्हणाली.

“अगं, मी एकदाच विचारलं!” आर्डिस पुटपुटली.

“नव्वद झाली माझी, आर्डिस. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत बसून राहायला वेळ कुणाकडे आहे?”

आर्डिसच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने कप काठोकाठ भरला, बशीत सांडेपर्यंत.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं भांडं माळ्यावर किंवा शोभेच्या कपाटात असेल. त्याला पुसून ठेवता, हे चांगलंच आहे. पण अधूनमधून त्याला चुलीवर चढवा, त्यात काही शिजवा, आणि ते कसं वापरायचं हे ज्याच्या हातांना येतं त्याच्याकडून हात आहेत तोवर शिकून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काही हवंय का, हे एकदा विचारून निघून जाऊ नका. पुन्हा विचारा, आणि त्यानंतरही एकदा. मला मात्र एवढ्या रीतीभातीची गरज नाही. चुलीवर येतेस का, असं कुणी एकदा जरी म्हटलं, तरी मी आले.