आधी कोण बदलणार

कुशनवाला बारक्या पन्नाशी ओलांडून गेला होता, डोक्यावरचे केस केव्हाच निरोप घेऊन गेले होते, पण ताईच्या तोंडी तो बारक्याच होता. ताईपुढं त्याचं काही चालत नसे. म्हणून ती त्या दिवशी भर कामात दुकानात आली, फोमच्या गठ्ठ्यावर बसली आणि "बारक्या, तू हर" म्हणाली, तेव्हा काय हरायचं ते त्याला कळलं नाही, पण हरावं लागणार एवढं मात्र लगेच कळलं.

"कशात हरू?"

"फोनमध्ये. तुझ्या दाजींपुढं."

ही फोनची भानगड नऊ वर्षांची होती. दाजी म्हणजे ताईचे यजमान, बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर चालवायचे. बारक्या आणि दाजी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाचे दोन फोन घेऊन बाहेर पडले होते. दुकानदार बिचारा सहज बोलून गेला, की दोन-तीन वर्षं तरी बघायला नको. दाजींना ते भलतंच लागलं.

"दोन-तीन वर्षं? अहो, फोन आहे की चप्पल?" ते तिथंच गरजले, आणि मग बारक्याकडं वळून मिशीला पीळ देत म्हणाले, "बोला मेहुणे, आधी कोण बदलणार? तुम्ही की आम्ही?"

झालं. पैज लागली. दाजी हरले तर त्यांनी मिशी उतरवायची. ती मिशी म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. लग्नात ताईनं आधी मिशी पाहिली आणि मग नवरा, असं घरात सगळे म्हणत. बारक्या हरला तर त्यानं स्वतःच्या हातानं दाजींना एक आरामखुर्ची करून द्यायची, अस्सल चामड्याची. "रेक्झिन लावलंत तर परत पाठवीन," हे दाजींनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं. काच बदलली तर चालेल, बॅटरी बदलली तर चालेल, पण फोन तोच राहिला पाहिजे, असा नियम ठरला.

तेव्हापासून दर रविवारी दाजी दुकानात यायचे, दोन्ही फोन समोरासमोर ठेवून तपासणी व्हायची. कुणाचा कोपरा उडाला, कुणाचं बटण रुसलं, कुणाचा आवाज बसला. घरातल्या पोरांनी तोवर किती फोन घेतले आणि टाकले त्याची गणतीच नव्हती. हे दोघं मात्र हट्टाला पेटले होते. खरं सांगायचं तर सामना बरोबरीचा नव्हताच. बारक्याच्या दुकानात जिकडंतिकडं फोम आणि काथ्या. त्याचा फोन हातातून निसटला तरी मऊ जागेवरच पडायचा. दाजींच्या कारखान्यात खाली लोखंडी झाकणं आणि वर गारठा. "मेहुण्यांचा फोन गाद्यांवर लोळतो, आमचा बर्फात राबतो," असं दाजी म्हणायचे, आणि मग स्वतःच खदखदून हसायचे.

गेल्या वर्षी दाजींच्या हृदयानं दगा दिला. दवाखान्यातून ते परत आले, पण अर्धे होऊन आले. लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. पोरं हात धरून जिना चढवायला लागली. जेवताना मिठाकडं हात गेला की चार डोळे त्या हाताकडं बघायचे. डॉक्टरांनी एकट्यानं काम करू नका म्हणून सांगितलं होतं, पण दिवसपाळीला कॉम्प्रेसरवर एकच माणूस लागतो, आणि मालकाला दुसरा माणूस परवडत नव्हता. नोकरी सोडा म्हटलं की दाजी उसळायचे. "घरी बसून काय भिंती मोजू?"

आणि त्यांचा तो फोन! गारठ्यात त्याची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकायची. त्या फोनची बॅटरी आता कुठंच मिळत नव्हती. बारक्यानं स्वतः सगळी दुकानं पालथी घातली होती. ताई रोज दुपारी गोळीची आठवण करायला फोन लावायची, आणि पलीकडून ती बाई बोलायची, की हा फोन सध्या बंद आहे. तोच आवाज, तोच सूर, मेलीला ना काळजी ना घाई. ताई तिला सवत म्हणायची. सवतीचा आवाज आला की ताई घराला कुलूप लावायची आणि दुखरे गुडघे घेऊन कारखान्याकडं सुटायची. तिथं दाजी लोखंडी स्टुलावर बसून चहा पीत असायचे. "बॅटरी गेली गं," म्हणायचे. ताई तशीच परत यायची.

"रोज जाते मी," ती फोमच्या गठ्ठ्यावरून सांगत होती. "रोज वाटतं, आज ते स्टूल रिकामं असणार. पोरांनी नवा फोन आणून दिला तर तो कपाटात ठेवलाय. म्हणतात, मेहुण्यानं बदलल्याशिवाय मी हात लावणार नाही. तू हर रे बाबा. एक खुर्ची गेली तर जाऊ दे."

बारक्याला खुर्चीचं काही नव्हतं. पण नऊ वर्षं जपलेला सामना असा बसल्या जागी सोडायचा म्हणजे त्याच्या जिवावर आलं, आणि जिवावर आलं याची त्याला लाजही वाटली. तो "बरं" म्हणाला.

पुढच्या रविवारी त्यानं फोन हरवल्याचं जाहीर केलं. चेहरा शक्य तितका पाडला.

"हरवला म्हणजे बदलला नाही," दाजी म्हणाले. "सापडेपर्यंत सामना थांबलाय. आम्ही काय असे तसे खेळाडू नाही."

त्यानंतरच्या रविवारी बारक्या सरळ नवा कोरा फोन घेऊन बसला. दाजींनी तो उलटसुलट करून पाहिला, बाजूला ठेवला आणि हात पुढं केला. "जुना?"

जुना ड्रॉवरमध्ये होता. दाजींनी तो चालू केला. तो नालायक एका दमात चालू झाला, वर टुणकन वाजलाही.

"ठणठणीत आहे की!" दाजी म्हणाले. "चांगला धावणारा घोडा सोडून कुणी पळून जातं का मेहुणे? हे मी जिंकणं धरत नाही. असलं फुकटचं मला नको."

"अहो, पण मी बदलला ना!"

"तुम्ही बदलला. तो कुठं मेला?"

बारक्याचं डोकं सटकलं. ताईचे गुडघे, ते रिकामं स्टूल, हा माणूस आणि याची मिशी, सगळं एकदम डोक्यात गेलं. त्यानं खिळ्यांची हातोडी उचलली, फोन लाकडी ठोकळ्यावर ठेवला आणि हाणली. एकदा, दोनदा, काच फोममध्ये उडेपर्यंत.

"घ्या! आता मेला? आता तरी जिंकलात?"

 दाजींनी खाली वाकून, धापा टाकत, काचेचे तुकडे एकेक करून तळहातावर गोळा केले. बारक्या "राहू द्या, लागेल" म्हणाला, तरी ते थांबले नाहीत.

"तुमच्या ताईनं सांगितलं ना?" त्यांनी विचारलं.

बारक्यानं मान खाली घातली.

"बरं," दाजी म्हणाले. "जिंकलो मी." मग तुकडे ठोकळ्यावर ठेवत, जणू सहज, "सगळ्यांना मी पेशंट वाटतो, मेहुणे. तुम्ही तेवढे माझ्याशी भांडत होता. आता रविवारी कशावर भांडायचं?"

बारक्यानं हातोडी खाली ठेवली. आता काहीही बोललं तरी फोन काही जुळून येणार नव्हता. त्याला स्वतःचा राग आला, ताईचा आला, दाजींचाही आला, आणि एकाही रागाचा काही उपयोग नव्हता.

दाजींनी शब्द पाळला. कपाटातला नवा फोन बाहेर आला. तो गारठ्यातही संध्याकाळपर्यंत टिकायचा, आणि त्याचा आवाज असा खणखणीत, की कॉम्प्रेसरच्या धडधडीतही ऐकू जायचा. ताईनं दुपारी फोन लावला की दुसऱ्या रिंगलाच दाजी उचलायचे, "घेतली गं गोळी" म्हणायचे. ताईची पायपीट थांबली. सवत गेली. ताईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला, आणि बारक्या स्वतःला समजवायचा, की यासाठीच तर सगळं केलं.

पण दाजी रविवारी यायचे ते नुसते बसायचे. पूर्वी आल्या आल्या तोंड सुरू व्हायचं; आता "काय, कसं काय" झालं की संपलं. आवाजही आता त्यांच्याशी बोलणाऱ्या इतरांसारखाच हळू झाला होता. बारक्यानं मुद्दाम कळ काढून पाहिली, की नव्या फोनवर नवी पैज लावू या. दाजी हसले आणि म्हणाले, "आता तेवढं कुठं चालायचंय?" फोनबद्दल म्हणाले की आणखी कशाबद्दल, ते विचारायची बारक्याची हिंमत झाली नाही.

म्हणून तो खुर्चीच्या मागं लागला. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून त्यानं सागवानाचा सांगाडा करून घेतला, पट्टे ताणले, स्प्रिंगा बांधल्या, काथ्या भरला, त्यावर फोम. चामडं अस्सल, गडद तपकिरी. दाजींची पाठ जिथं टेकणार तिथं त्यानं तीनदा उसवून पुन्हा भरलं. हातात तेवढंच होतं. अशी खुर्ची करायची की बसल्याबरोबर दाजींनी काहीतरी खोड काढली पाहिजे, शिव्या घातल्या पाहिजेत, भांडण पुन्हा सुरू झालं पाहिजे. त्यासाठी त्यानं एका हाताला मागच्या बाजूनं, मुद्दाम, बोटभर रेक्झिन लावून ठेवलं होतं. दाजींच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

शेवटचा हात मढवायचा राहिला होता तेव्हा ताई खुर्ची बघायला आली. तिनं चामड्यावरून हात फिरवला, रेक्झिनचा तुकडा दिसला तशी हसली. "मेल्या, आता बघ तुझं काय होतं ते!"

मग गोळीची वेळ झाली म्हणून तिनं फोन लावला, आणि खुर्चीचंही सांगू म्हणून आवाज मोठा करून दोघांच्या मध्ये धरला.

रिंग वाजली. दुसरी वाजली. तिसरीला ताई म्हणाली, "हात ओले असतील." बारक्यानं खिळा तोंडात धरला होता तो काढून हातात घेतला. रिंग वाजत राहिली आणि आपोआप बंद झाली.

"बॅटरी गेली असणार," ताई सवयीनं म्हणाली आणि फोन खाली ठेवायला लागली. मग तिचा हात तिथंच थांबला.

तिनं पुन्हा लावला. पुन्हा तीच रिंग, स्वच्छ, खणखणीत, पूर्ण शेवटपर्यंत. बारक्यानं स्वतःच्या फोनवरून लावला. वाजला. कारखान्याच्या ऑफिसात लावला. मालक बाहेर असणार, तिथंही कुणी उचलला नाही. त्यानं दाजींना पुन्हा लावला. आता ती बाई बोलायला हवी, त्या मेल्या सुरात, की हा फोन सध्या बंद आहे, असं बारक्याला वाटलं. आयुष्यात कुणाच्या आवाजाची त्यानं इतकी वाट पाहिली नव्हती. पण फोन चालू होता. भरलेला होता. आवाज मोठा होता. कॉम्प्रेसरच्या धडधडीतही ऐकू जाईल असाच फोन सगळ्यांनी मिळून त्या माणसाच्या खिशात घातला होता.

त्यानं खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढली. "ताई, चल. ऊठ."

ताई उठायच्या ऐवजी खालीच बसली, आणि बसली ती दाजींच्या खुर्चीत. अजून कुणी न बसलेली ती खुर्ची, तिच्या वजनानं हळूच खाली दबली. बारक्याच्या हातातल्या फोनवर दाजींकडची रिंग अजून वाजत होती.

"बारक्या," ती म्हणाली, "बंद आहे म्हण ना रे."

त्याला म्हणता येईना. तिला ऐकू येत होतं.

"एकदा म्हण. बॅटरी गेलीय म्हण. मी चालत जाते."