बसायचं आहे

"तुमच्या दोस्ताचा फोन होता," बायको म्हणाली. "आज सातला बसायचंय म्हणे, नक्की पाठवा. एवढ्या गोड आवाजात दारूला बोलावणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला."

शिंप्याचं मशीन थांबलं. फोन मास्तरांचा होता. निवृत्त शाळामास्तर, एके काळी तेही पट्टीचे पिणारे, पण सोडून इतकी वर्षं झाली, की 'बसायचं'चा तो दुसरा अर्थच बिचारे विसरून गेले होते. या घरात मात्र त्या शब्दाला तेवढा एकच अर्थ उरला होता, आणि तो शिंप्याने स्वतः कमावलेला होता.

"अगं, मीटिंग आहे," तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली. व्यापाऱ्यांची मीटिंग, सोसायटीची मीटिंग. आजवर जेवढ्या मीटिंगा झाल्या, तेवढ्यांतून तो भिंत धरत घरी आला होता.

"कसली मीटिंग?"

"दारू सोडणाऱ्यांची."

बायको हसली. भांडली असती तर बरं, असं ते हसणं होतं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे खरं बोलूनही गोटाच पदरात पडला.

"चला, मी पण येते," ती म्हणाली. "कुठे बसता ते बघते. गुत्ता निघाला, की तिथूनच बस धरीन आणि ताईकडे जाईन. कायमची."

तिने पिशवी भरली. पिशवी याआधीही भरली गेली होती, त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. पण मग तिने मशीनच्या खणातून आपली छोटी कात्री काढली. दुकानाची काजं-बटणं तीच करायची आणि त्या कात्रीला कुणाला हात लावू द्यायची नाही. कात्री कपड्यांच्या घडीत गेली, तसा शिंपी मशीनवरून उठला. रुसून जाणारी बाई कात्री नेत नाही. तिकडे जाऊन चार पैसे मिळवायचं ठरवलेली बाई नेते.

मास्तरांशी त्याची ओळख झाली होती ती चोरखिशावरून. कोटाच्या अस्तरात, क्वार्टर अलगद बसेल असा खिसा शिवण्यात शिंप्याचा हात धरणारा कुणी नव्हता. काही महिन्यांपूर्वी एक दिवस मास्तर जुना कोट घेऊन आले. "हा खिसा उसवून टाका."

"का? बाटली मोठी झाली?"

"दारू कधीच सुटली. खिसा तेवढा राहिलाय."

शिंपी हसला, पण ती कुठे सुटली, तो पत्ता त्याने विचारून घेतला आणि पुढच्याच आठवड्यात तो तिथे जाऊन बसला. घरी काही बोलला नाही. इतक्या शपथा मोडल्या होत्या, की आणखी एक घरात न्यायची लाज वाटत होती. जरा टिकू दे, मग सांगू, असं म्हणत राहिला.

ग्रंथालयाच्या वरची खोली, बाहेरून दगडी जिना. आत गोल मांडलेल्या खुर्च्या आणि चहाची भली मोठी किटली. बायको दारातच थबकली.

"या वहिनी, बसा," मास्तर म्हणाले.

"मी बसत नाही. आमच्यात हेच बसतात."

खोलीत हशा पिकला. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! फोनवर मी 'बसायचंय' म्हणालो की काय?" गटातली एक नर्स तर हसून हसून डोळे पुसायला लागली. बायको ओशाळली आणि दाराजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन टेकली. तिने किटलीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिचा चेहरा सैल झाला. असा चेहरा शिंप्याने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. तिचा विश्वास बसला होता.

आणि नेमकी त्याची बोलायची पाळी आली.

परवा दुपारी दुकान रिकामं असताना त्याने घेतली होती. कुणालाही पत्ता नव्हता. ठीक चाललंय, एवढं म्हणून गप्प बसला असता, तर तो चेहरा तसाच घेऊन दोघं घरी गेली असती. त्याला ते फार फार हवं होतं. तो उभा राहिला.

"परवा घेतली," तो म्हणाला. "लोकांचे चोरखिसे उसवले, माझ्या कोटाचा ठेवला. हिला आत्ता वाटतंय, मी सोडली. नाही सुटली अजून."

"परत आलात, बरं केलंत," मास्तर म्हणाले.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग दाराचा. त्याने वळून पाहिलं नाही. मीटिंग संपेपर्यंत तो कसा बसून राहिला, त्याचं त्यालाच ठाऊक.

खाली उतरला, तर ती शेवटच्या पायरीवर बसली होती. पिशवी शेजारी.

"बस गेली?" त्याने घाबरत विचारलं.

"एक गेली. अजून आहेत." तिने पिशवी मांडीवर ओढून जागा केली. "बसा."

तो बसला.

"कोट काढा."

त्याने काढून दिला. तिने अस्तर उलटं केलं, पिशवीतून कात्री काढली आणि दिव्याच्या उजेडात एकेक टाका कापायला लागली.

"काय पक्के टाके घातलेत," ती म्हणाली. "एवढं मन लावून माझं कधी काही शिवलं नाहीत."

त्याचे डोळे भरून आले, ते त्याने भरू दिले. खिसा सुटून आला. तिने तो त्याच्या हातात दिला, दोऱ्याचे तुकडे झटकले आणि कोट घडी करून त्याच्या मांडीवर ठेवला.

कात्री मात्र तिने पुन्हा पिशवीतच ठेवली.