शिंगांचा दगड

मला धीर म्हणून नाहीच. कराडहून पलूसला येताना एस.टी. ताकारीला पाच मिनिटं जास्त थांबली, तेवढ्यात मी दोनदा खाली उतरलो आणि दोनदा वर चढलो. कंडक्टर वैतागला. पण उद्या घट बसणार होते, आणि घट बसले की आमच्या घरात नऊ दिवस देव जागचे हलवत नाहीत. मला हवा असलेला दगड त्या देवांतच होता. पुण्याचे एक प्राध्यापक अष्टमीला रशियाला, असल्या दगडांच्या जाणकारांकडं निघणार होते, त्याआधी तो त्यांच्या हातात पडायला हवा होता.

दगड आणला माझ्या थोरल्या भावानं, मानसिंगदादानं. फौजेत होता तो. सत्तर साली स्पितीहून सुट्टीवर आला, तेव्हा ट्रंकेतून तळहाताएवढा काळा चुनखडीचा तुकडा काढला. त्यात बोटाच्या पेराएवढी शिंगं रुतलेली.

"तू दगडांचा मास्तर न्हवं? सांग, ह्यो कुणाच्या भावकीतला?"

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. तुकड्याकडं नीट न बघताच म्हणालो, "असंल गोगलगाईच्या."

दादाला ते पटलं नाही. परत गेल्यावर प्रत्येक पत्रात विचारायचा. एकाहत्तरच्या नोव्हेंबरातल्या पत्रातही शेवटी होतंच, 'शिंगाचं काय ठरलं?' सावकाश लिहू म्हणून मी ते बाजूला ठेवलं. डिसेंबरात तार आली. दादाचा देह गावी आला नाही. गावानं चावडीपुढं त्याच्या नावाचा दगड बसवला, आणि आईनं त्याचा हा दगड देव्हाऱ्यात ठेवला.

मग मात्र मी पिसाळल्यासारखा वाचत सुटलो. देव्हाऱ्यात लांबून दिसणाऱ्या शिंगांवरून पुस्तकात नाव सापडलं, त्या प्राण्याला हायोलिथ म्हणतात. हिमालय नव्हता, तिथं समुद्र होता, त्या पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या पाण्यातला जीव. शिंगासारखं कवच, तोंडावर झाकण, दोन्ही बाजूंना वाकड्या काड्या. भावकीवर विद्वानांचंच एकमत नाही. कुणी गोगलगाईच्या घरात घालतं, कुणी म्हणतं याचं घराणंच निराळं. मी पुण्याच्या त्या प्राध्यापकांना विचारलं, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, 'ॲसिडमध्ये चुनखडी विरघळवू. शिंगं गारगोटीची झाली असतील, तर ती उरतील. झाकण जागेवर सापडलं तर काही बोलता येईल. दगड मात्र राहणार नाही.' हे शेवटचं वाक्य मी आईला सांगितलं नव्हतं.

घरी पोचलो तर आई परसात परातीत देव घेऊन बसलेली. हातात तोच दगड, आणि त्याला चिंच चोळणं चाललेलं.

"आये, चिंच लावू नगंस! खाती ती दगडाला!"

"दर अवसंला लावतीया. आजच काय भूत शिरलं तुझ्यात?"

मी दगड हिसकावला, धुतला आणि उन्हात धरला. चिंचेच्या आंबटानं तीन वर्षांत चुनखडी कणाकणानं खाल्ली होती, आणि शिंगं मोकळी होऊन वर आली होती. एकाच्या तोंडावर झाकण जिथल्या तिथं, आणि त्याखालून दोन वाकड्या काड्या बाहेर डोकावत होत्या. मला नाचावंसं वाटलं आणि लगेच स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तीन वर्षं दगड देव्हाऱ्यात होता, आणि मी मास्तर असून तो एकदाही हातात घेतला नव्हता.

"काय झालं रं?"

मी सगळं सांगितलं. ते शेवटचं वाक्यसुद्धा.

आई बोटांना चिकटलेले चिंचेचे दोरे काढत बसली. "त्येचं म्हणून एवढंच हाय माझ्यापाशी."

"ठावं हाय मला."

"समदंच इरघळतंय?"

"न्हाई. दगड जातो. शिंगं ऱ्हात्यात."

"म्हंजी धोंडा जातो आन् जीव ऱ्हातो?"

"तसंच म्हण."

ती थोडा वेळ चावडीच्या दिशेला बघत राहिली. "माझ्या मानसिंगचं उलटं झालं बघ. जीव गेला आन् धोंडा बसवला."

तिनं पदरानं दगड कोरडा केला, खणाच्या तुकड्यात बांधला आणि माझ्या हातात दिला.

"ने. भावकी कळली की आदी मला सांग. त्येनं इचारलं हुतं, आन् तू जबाब धाडला न्हाईस."

आईला वाचता येत नाही. दादाचं ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं होतं. जबाब धाडलास का, असं तीन वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं.