हरीशच्या बंदुकीचा रेफरन्स

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला, की आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पहिला मेसेज हरीश कुकडेचा पडायचा. कधीकाळी प्रोजेक्टसाठी तो दोन वर्षं डॅलसला राहून आला होता, त्यामुळे अमेरिका हा विषय मंडळाने त्याच्या नावावर करून दिला होता. "तिथे ब्रेड आणायला गेलेला माणूस बंदूक घेऊन परत येतो! कोण आहेस, डोकं ठिकाणावर आहे का, विचारणारं कुणी नाही." मग अंगठ्यांची रांग लागायची. एकदा तर मंडळाची सेक्रेटरी स्मृती हिने 'बॅकग्राउंड चेक केल्याशिवाय बंदूक विकू देऊ नका' असं अमेरिकन संसदेला सांगणाऱ्या निवेदनाची लिंक टाकली आणि ड्रोहेडातल्या अठ्ठावीस मराठी कुटुंबांनी त्यावर सह्या केल्या. संसद तेव्हापासून कशी सावरली असेल कोण जाणे.

डॉक्टर विभावरीनेही सही केली होती. ती तिथल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात काम करायची. तिचा नवरा जयेश आणि हरीश नागपूरला इंजिनिअरिंगला एकाच बाकावर बसलेले. त्यामुळे हरीश तिला वहिनी म्हणायचा, आणि घरी आला की न विचारता फ्रिज उघडायचा.

गेल्या वर्षी हरीशने गावाबाहेर, शेतांच्या मधोमध घर घेतलं. शेजारी नोएल नावाचा साठीचा शेतकरी. एका रविवारी नोएल त्याला आपल्या गन क्लबमध्ये घेऊन गेला. यंत्रातून मातीच्या थाळ्या हवेत उडतात आणि माणसं त्या शॉटगनने फोडतात, असा तो खेळ. पंचवीस थाळ्यांपैकी हरीशने दोन फोडल्या. नोएल सवयीने "फेअर प्ले टू यू", म्हणजे शाब्बास, म्हणाला. हे लोक टोस्ट करपला नाही तरी फेअर प्ले म्हणतात, पण हरीशला ते अर्जुनाच्या तोडीचं प्रशस्तिपत्र वाटलं. महिन्याभरात त्याने बंदूक हाताळण्याचा कोर्स केला, लोखंडी कपाट आणून भिंतीत बोल्टने पक्कं बसवलं आणि परवान्याचा अर्ज मागवला.

अर्ज पाहून मात्र तो भडकला.

"वहिनी, काय काय विचारलंय बघा!" विभावरीच्या डायनिंग टेबलवर कागद आपटत तो म्हणाला. "बंदूक कशाला हवी, ठेवणार कुठे, फॅमिली डॉक्टर कोण. त्या डॉक्टरकडे चौकशी करायची परवानगीसुद्धा मीच द्यायची! वर दोन माणसांची नावं द्या, गार्डा, म्हणजे इथले पोलीस, त्यांना जाऊन विचारणार, हा माणूस कसा आहे म्हणून. अकरा वर्षं टॅक्स भरतोय मी या देशात!"

"यालाच बॅकग्राउंड चेक म्हणतात ना?" विभावरीने विचारलं.

"अहो, तो गुन्हेगारांसाठी असतो. माझ्यासारख्याचा कशाला?"

जयेशने मान डोलावली. गुन्हेगार कोण ते आधीच ठाऊक असेल तर चेक कशाचा करायचा, हा प्रश्न दोघांपैकी कुणालाच पडला नाही.

"एक नाव नोएलचं टाकतोय," हरीश म्हणाला. "दुसरं तुमचं. डॉक्टर म्हटलं की वजन पडतं."

"टाक की," जयेश म्हणाला. नाव विभावरीचं होतं, पण तेवढ्यासाठी तिला विचारण्याची गरज त्याला वाटली नाही. "फॉर्मॅलिटी तर आहे."

विभावरी नाही म्हणाली नाही. अंगावर आलेलं काम हो न म्हणता स्वीकारण्यात तिचा हातखंडा होता.

पंधरा दिवसांनी हरीशकडे जेवण होतं. हॉलमधून आत जाताना भिंतीवरची गणपतीची तसबीर तिला तिरकी दिसली. सरळ करायला तिने ती जरा उचलली, तर मागे मुठीएवढं भोक. इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे रंग दिलेला पुठ्ठाच. पलीकडे मुलांचा शाळेतला फोटो होता, लाइटच्या बटणाला खेटून. आणि तिसरी फ्रेम, समुद्राच्या कड्यांची, गुडघ्याच्या उंचीवर. फोटो लावायची ही कोणती तऱ्हा, असं तिला आधी वाटलं. मग लक्षात आलं की गुडघ्याच्या उंचीवर मूठ पोचत नाही, लाथ पोचते.

हरीशची बायको सुलेखा कोशिंबिरीचा वाडगा घेऊन मागे उभी होती. तिने तसबीर हातातून घेतली, पुन्हा लावली.

"नोकरीचं टेन्शन होतं गं जानेवारीत," ती हलक्या आवाजात म्हणाली. "इथल्या भिंती अगदीच लेच्यापेच्या."

"हो ना," विभावरी म्हणाली. "भिंतीचीच चूक."

सुलेखा हसली नाही. तिने विभावरीकडे एकदा नीट पाहिलं आणि आत जाऊन पोळ्या वाढायला घेतल्या. जेवताना हरीशने झकास किस्से सांगितले. मुलं हसत होती, पण त्याचा आवाज जरा चढला की धाकट्या मुलीचा घास हातातच थांबत होता. विभावरीने त्या दिवशी ते मोजलं. चार वेळा.

शनिवारी सकाळी गार्डा आली. तिशीच्या आतली, ईफा नावाची. तिने चहा घेतला, हवेबद्दल बोलून झालं, आणि मग वही उघडली.

"हरीशला किती वर्षं ओळखता?"

"नऊ."

"माणूस कसा आहे?"

"चांगला," विभावरी म्हणाली. आणि ते खरं होतं. तिच्या बाळंतपणात रोज डबा घेऊन येणारा हाच होता. जयेशच्या वडिलांना विमानतळावरून आणणारा, त्यांना रेडिओ दुरुस्त करून देणारा हाच.

"त्यांच्याकडे बंदूक असावी का? तुम्हाला काही काळजी वाटते?"

शेजारी बसलेला जयेश बायकोकडे बघून ओठांनीच 'ग्रँड, ग्रँड' म्हणत होता. एवढा एक शब्द पुरला असता. या देशात तो सगळ्याला पुरतो. पाय मोडलेला माणूससुद्धा स्ट्रेचरवरून विभावरीला 'आय'म ग्रँड' सांगायचा, आणि ती त्यावर विश्वास न ठेवता एक्स-रे काढायची. तेवढ्याचाच तिला पगार मिळत होता.

"वाटते," ती म्हणाली. "त्याला राग आला की तो स्वतःच्या ताब्यात राहत नाही. मी त्याच्या घरात ते पाहिलंय. त्याने कुणाला इजा केल्याचं मला माहीत नाही. करणार नाही असंही म्हणावंसं वाटतं. पण तुम्ही सही मागितलीत तर माझा हात धजणार नाही."

ईफाने लिहून घेतलं, आणि बिस्किट खाऊन गेली.

"वेडी आहेस का तू?" दार लागताच जयेश म्हणाला. "वीस वर्षांची दोस्ती आहे माझी!"

"मग तुझं नाव का नाही दिलं त्याने?"

जयेशने आठवडाभर न बोलून वेळ मारून नेली.

दोन महिन्यांनी हरीशला नकाराचं पत्र आलं. चौकशीत मिळालेल्या माहितीवरून परवाना देणं योग्य वाटत नाही, एवढंच त्यात होतं. माहिती कुणी दिली ते नव्हतं. पण तिच्याखेरीज नाव होतं ते नोएलचं, आणि नोएल म्हणजे देवमाणूस. गणित सोपं होतं. हरीशने फोन केला.

"वहिनी, एकच सांगा. तुम्ही बोललात?"

"हो."

"माझ्या विरुद्ध?"

"जे पाहिलं ते."

त्याने फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस कुटुंबांना कळलं. ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. फक्त गणपतीच्या स्वयंसेवकांच्या यादीतून विभावरीचं नाव गेलं, आणि मोदकांची जबाबदारी दुसऱ्या कुणावर पडली. स्मृती सुपरमार्केटमध्ये भेटली तेव्हा तिने समजूतदारपणे विभावरीचा हात धरला.

"अगं, तत्त्व म्हणून ठीक आहे. पण आपल्या माणसाच्या बाबतीत?"

"निवेदनावर तू सही केली होतीस ना?"

"ते अमेरिकेसाठी गं!"

अमेरिकेत कुणाचीच वहिनी राहत नाही, हा तिथला मोठा फायदा.

मग नोएलने घोटाळा केला. कुंपणापाशी हरीश त्याला आपलं दुःख सांगत होता, घरच्याच माणसाने दगा दिला म्हणून. नोएलने टोपी मागे सारली आणि म्हणाला, "मलाही विचारलं त्यांनी. मी म्हटलं, आत्ता नको. हरीश, तुझा आवाज माझ्या गोठ्यापर्यंत येतो. मी तुझ्या हातात हर्लिंगच्या खेळातली काठीसुद्धा देणार नाही." आणि लगेच, रविवारी मॅचला येतोस का, असंही विचारलं.

हरीश मॅचला गेला. नोएलवर तो रागावला नाही. आयरिश लोक स्पष्ट बोलतात, त्यांचा तो मोठेपणा आहे, असं त्याने जयेशला सांगितलं. दगा म्हणायचा तो फक्त मराठीतून दिलेला.

हे सगळं विभावरीला जयेशकडून कळलं. त्याने ते सांगताना चहा स्वतः करून आणला होता, म्हणजे ती माफी असावी. ती हसली, पण तिला बरं वाटलं नाही. नऊ वर्षांचा घरोबा तुटला होता, आणि बरोबर असण्याने संध्याकाळी कुणाचा फोन येत नाही.

सुलेखा आली ती ऑक्टोबरात, ड्यूटी संपायच्या वेळेला, हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये. बारीक पाऊस होता. ती न विचारता विभावरीच्या गाडीत येऊन बसली.

"रागावलीयस?" विभावरीने विचारलं.

"तुझं नाव मी सुचवलं होतं," सुलेखा समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "तो मंडळातल्या अभिजितचं देणार होता. अभिजित म्हणाला असता, अगदी ग्रँड माणूस. मीच म्हटलं, डॉक्टरचं दे, वजन पडेल."

विभावरी तिच्याकडे वळली.

"तू स्वतः का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही. डॉक्टरला विचारा, शेजाऱ्याला विचारा. आणि गार्डा कपाट बघायला आले तेव्हा तो शेजारीच उभा होता." तिने ओढणीने चष्मा पुसला. "तू खोटं बोलणार नाहीस एवढं माहीत होतं. तुला अडकवलं मी. मंडळाने वाळीत टाकलं तेव्हासुद्धा गप्प बसले."

विभावरीला तिचा राग आला, खराखुरा. तीन महिने ती एकटी शिव्या खात होती. मग तिला सुलेखाचा हात दिसला. गाडीचं दार तिने आतून घट्ट धरून ठेवलं होतं, कुणी बाहेरून उघडेल म्हणून.

"तुला मारतो का?"

"नाही. अजून नाही." सुलेखाने दारावरचा हात काढला. "परवा मी त्याला सांगितलं, नाव मी सुचवलं म्हणून. आणि हेही सांगितलं, की मला तुझी भीती वाटते. मुलांना घेऊन मावशीकडे लंडनला जायची तिकिटं काढलीयत, तीही दाखवली."

"मग?"

"ओरडेल वाटलं होतं. तर खाली बसला. मग म्हणाला, नोएलने आवाजाचं सांगितलं तेव्हा गंमत वाटली होती." तिने विभावरीकडे वळून पाहिलं. "रागासाठी कुणाकडे जातात गं? नाव दे. जाईन म्हणालाय."

विभावरीने हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर दोन नावं आणि नंबर लिहून दिले. हरीश पहिल्या आठवड्यात गेला नाही, दुसऱ्यात गेला. आता दर गुरुवारी जातो. मंडळात तो त्याला लीडरशिप कोचिंग म्हणतो, आणि लोक त्याचं अभिनंदन करतात. सुलेखाने तिकिटं रद्द केली नाहीत, तारीख पुढे ढकलता येणारी आहेत. विभावरीला अजून कुणी मोदक करायला बोलावलेलं नाही.