खुराड्याचं दार

माझी भावजय अदिनाय शहरातला संसार आवरून आमच्या घरी राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात कपड्यांच्या दोन पेट्या, एक शिलाई मशीन आणि काचेच्या बरण्यांचं एक खोकं होतं. बरण्या रिकाम्या. राजधानी बिश्केकपासून आमच्या गावापर्यंत दिवसभराचा घाटरस्ता, आणि ही बाई रिकाम्या बरण्या मांडीवर सांभाळत आली. आमच्या आईला आम्ही आपा म्हणतो. तिनं खोक्यात डोकावून विचारलं, "यात काय होतं गं? वाटेत खाऊन संपवलंस का?"

"काही नव्हतं, आपा. आता भरू की. घरात प्लास्टिक नको."

"प्लास्टिक नको म्हणे," आपा माझ्याकडे बघून म्हणाली. "आपल्याकडे पिशवी आहे एकच, तीसुद्धा मी धुऊन दोरीवर वाळत घालते."

मीही हसले. मी बुरुल, तंदूरवर रोट्या भाजून विकते. नवरा रशियात कामाला गेला आणि तिकडचाच झाला, म्हणून मी माहेरच्या अंगणातल्या दोन खोल्यांत राहते. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळी गल्ली जाणते. त्यामुळे अदिनायनं वडिलांच्या जुन्या रजईचं जाकीट शिवून घातलं तेव्हा मी म्हटलं, "वडील असते तर थंडीत तुझ्या मागे मागे फिरले असते." खरं सांगायचं तर ते जाकीट तिला इतकं शोभत होतं की माझा जळफळाट झाला होता. अक्रोडाच्या सालीत रंगवलेले रुमाल, जुन्या कोटांचे पडदे, फुटक्या किटलीत पुदिना. जे आम्ही टाकून द्यायचो ते ती उचलायची, आणि त्याला रूप यायचं.

मला एजे, म्हणजे ताई, म्हणणारा माझा भाऊ तिलेक एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "एजे, तिला हसत जाऊ नकोस. दोनदा पोटातलं मूल गेलंय तिचं. तिनं मनाशी धरलंय की बिश्केकच्या धुरानं गेलं. हिवाळ्यात तिथं खिडकी उघडता येत नाही. तिला असं घर हवंय, ज्यात विषाचा कणसुद्धा नाही. मूल झालं तर तिथंच, नाहीतर नकोच, असं म्हणते."

त्यानंतर मी टोमणे कमी केले. अगदी बंद करणं मला जमलं नाही.

आमच्या गावात पूर्वी कारखाना होता. तिथं काय निघायचं त्याचं नाव तेव्हा घेता येत नसे, आता सगळ्यांना माहीत आहे: युरेनियम. तो बंद पडला तेव्हा मी शाळेत होते आणि तिलेक पाळण्यात. निम्मं गाव निघून गेलं, आणि त्यांच्या रिकाम्या घरांत वरच्या डोंगरातली माणसं उतरून आली. कारखान्याचा गाळ नदीपलीकडच्या टेकड्यांत पुरलेला आहे. तिथं नवं कुंपण आहे, पाट्या आहेत, गुराखीसुद्धा लांबून जातो. आम्ही नदीच्या अलीकडचे. आमच्याकडे अक्रोड आणि चिखल, बाकी काही नाही, असं आम्ही समजून होतो.

अंगणात नवं घर बांधायला तिलेकला सिमेंटच्या विटा आणायच्या होत्या. अदिनाय म्हणाली, सिमेंट नको, मातीचं बांधू. अंगणातली माती खडकाळ निघाली. मग तिलेकला पॉपलरच्या झाडांमागचा उतार आठवला, जिकडे वडील शेळ्या नेत. वरचा हातभर थर काढला आणि खाली माती लागली, राखाडी, मध्ये पिवळसर पट्टे. तिच्यात खडा नव्हता, मूळ नव्हतं, साधं गांडूळ नव्हतं. मी चिमटीत घेऊन पाहिली, तर पिठासारखी.

"चाळायलाच नको," तिलेक खूश होऊन म्हणाला. "कुणीतरी आधीच दळून ठेवल्यासारखी आहे."

आम्ही सगळे हसलो. ते हसणं माझ्या कानातून अजून जात नाही.

घर बांधायला अशार केला. म्हणजे सगळी गल्ली हातभार लावायला आली आणि आम्ही पुलाव शिजवला. बायकांनी पायजम्याचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात पेंढा तुडवला, पुरुषांनी विटा पाडल्या. अदिनाय चिखलात सर्वांत पुढे. फक्त शेजारचे सातार आके नव्हते. हे म्हातारबा कारखान्यात ट्रक चालवायचे, तेव्हाच्या मोठ्या माणसांपैकी गल्लीत ते आणि आपा एवढेच उरलेत. ते मुलीकडे ओश शहरात डोळ्यांचं ऑपरेशन करायला गेले होते आणि तिथंच लांबले. ते असते तर, हा विचार मी आता दिवसातून कितीदा करते सांगू शकत नाही.

घर झालं, आणि काय झालं म्हणून सांगू. कमानीचे कोनाडे, भिंतीतूनच काढलेला बसायचा ओटा, तळहातानं घोटलेला गिलावा. रंग दिलाच नाही. मातीचे पिवळे पट्टे तसेच ठेवले, ते उन्हात रेशमासारखे दिसायचे. उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की अंग निवायचं. अदिनायनं फोटो टाकले आणि कुठल्या कुठल्या शहरांतून बायका विचारू लागल्या, ही माती कुठली? आपा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या सुनेनं केलं." बरण्यांची थट्टा ती विसरली होती.

त्याच घरात अदिनायला दिवस गेले. आणि डोहाळे लागले ते मातीचे. आमच्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. पोटुशी बाई माती खाते, बाजारात भाजकी माती विकायला असते. पण अदिनाय म्हणाली, बाजारातली कशाची असेल कोण जाणे, आपली स्वच्छ आहे. उशाशी भिंतीचा एक कोपरा होता, तिथून ती नखानं टवका काढून तोंडात टाकायची. पाऊस पडल्यासारखी चव लागते म्हणायची.

"अगं, घर खाऊन टाकशील," आपा म्हणायची. "लेकरानं राहायचं कुठं?"

"थोडं ठेवीन त्याच्यासाठी," ती म्हणायची, आणि तोंड पुसायची.

या खेपेला मूल राहिलं. मुलगी झाली, सेझिम. जरा बारकी, रडणं मात्र खणखणीत. चाळीस दिवस सुखरूप गेले, तेव्हा मी पहिल्यांदा अदिनायला रडताना पाहिलं. आनंदानं रडत होती. आपानं पाळण्याचा समारंभ ठरवला. या दिवशी म्हातारी बाई मुलाला पहिल्यांदा पट्ट्यांनी पाळण्यात बांधते आणि मग जेवण.

त्या सकाळी मी रोट्या काढत होते, आपा बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगे, तळत होती. अदिनायला पाहुण्यांसाठी एक बुटकं टेबल हवं होतं. नवं लाकूड ती आणू देईना. तिची नजर कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याच्या दारावर गेली. जाड लोखंडी पत्रा, त्यावर हिरव्या रंगाचे पोपडे.

"एजे, हे घासलं तर किती सुंदर निघेल बघा."

"कोंबड्यांनी तीस वर्षं त्याची सजावट केलीय," मी म्हटलं. "तीही खरवडून काढ."

ती हसली आणि पॉलिश पेपर घेऊन अंगणात बसली. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली पांढरा, आणि मग पिवळा. पिवळ्यावर काळ्या तीन पाकळ्या. आपा झारा हातात घेऊन वाकून बघायला आली. "फूल आहे वाटतं?"

अदिनायचा हात थांबला होता. नदीपलीकडच्या पाट्यांवरचं ते धोक्याचं फूल आमच्या गावात आताची मुलं अक्षरं शिकायच्या आधी ओळखतात. खाली रशियनमध्ये लिहिलं होतं, प्रवेश बंद.

"हे दार कुठून आलं?" तिनं विचारलं.

"वडिलांनी आणलं," तिलेक म्हणाला. "भंगाराचे दिवस होते. सगळे सगळं आणायचे."

"कुठून पण?"

"मी नाही विचारलं," आपा म्हणाली. "कोंबड्या होत्या, कोल्हा यायचा. दार मिळालं, लावलं. नदीपलीकडून आणलं असेल."

अदिनाय उठली नाही. पत्र्यावर बोट ठेवून बसून राहिली. "ही पाटी आधी कुठंतरी उभी असणार," ती हळू बोलली. "एजे, सातार आके काल परत आलेत ना? त्यांना विचारून या ना." फाटकातून पाहुण्या बायका आत येऊ लागल्या होत्या.

सातार आके द्राक्षाच्या मांडवाखाली काळा चष्मा लावून बसले होते, नवा सदरा घालून. "येतोच आहे मी," ते म्हणाले. "अजून धूसर दिसतं, पण पुलावाचा वास येतो."

"आके, इथं गावात जुनं कुंपण होतं का कधी? नदीच्या अलीकडे?"

"होतं म्हणजे? त्याच्याखालीच उभी आहेस." त्यांनी काठी वर केली. मांडवाचे खांब सिमेंटचे होते, तार ओवायला भोकं पाडलेले. लहानपणापासून मी ते पाहत होते. "हे खांब तिथले. त्याची तार शाळेमागच्या घरानं नेली. तुझ्या तंदूरवरचं झाकण बघितलंस कधी खालून? तेही तिथलंच. काय करणार, पोरी? थंडीचे दिवस, घरात कुणाच्या काही नाही, आणि एवढं चांगलं लोखंड डोंगरावर गंजतंय. पहिला खांब तुझ्या बापानं उपटला, दुसरा मी."

"कुठून उपटला?"

"पॉपलरच्या मागच्या उतारावरून. पहिला गाळ तिथंच टाकायचो, नदीपलीकडची जागा नंतर झाली. आम्ही खांब काढले, पण जागा कुठं विसरलो? तुझा बाप शेळ्यासुद्धा खालच्या अंगालाच ठेवायचा. खणायचं नाही, एवढंच."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी खणेल असं वाटलंच नाही. तिकडे काय ठेवलंय?" मग त्यांनी चष्मा काढला. "तिलेकनं माती कुठली घेतली?"

मी सांगितलं. किती खोल खणलं, त्यांनी विचारलं. कमरेइतकं, मी म्हटलं.

"खडा लागला का?"

"एकसुद्धा नाही."

"कसा लागेल? कारखान्याच्या गिरणीतून दळून यायचा तो गाळ. मी स्वतः ओतलाय ट्रकनं." त्यांनी काठी बाजूला ठेवली, आणि आमच्याकडे यायला उठले नाहीत.

मी धावत घरी आले. नव्या घरात बायका भिंतीला पाठ टेकून ओट्यावर बसल्या होत्या. एक म्हातारी भिंतीवरून हात फिरवत म्हणत होती, किती थंडगार गं. पाळणा उशाशी, त्या कोपऱ्यापाशीच ठेवला होता. सेझिमला बांधून झालं होतं आणि वर मिठाईचा वर्षाव चालला होता.

"मूल बाहेर काढ," मी म्हटलं.

अदिनायनं माझ्या तोंडाकडे बघितलं. ती पाळण्यावर वाकली. पट्टे नवे, गाठी घट्ट, तिची बोटं घसरत होती.

"अगं, आत्ता बांधलंय," आपा रागावली. "लगेच सोडू नये, बरं नसतं. बुरुल, तुला थट्टा करायला आजचाच दिवस सापडला?"

मी कोनाड्यातली कात्री उचलली आणि पट्टे कापले. बायकांनी तोंडाला रुमालाची टोकं लावली.

सगळ्यांना अंगणात काढलं. किरणोत्सार मोजायचं यंत्र असलेल्या माणसांना तिलेकनं फोन केला. ते म्हणाले, उद्या येतो, तोवर आत जाऊ नका. आपा सेझिमला पोटाशी धरून तुतीखाली बसली. पाहुण्या एकेक करून निघून गेल्या. जाताना प्रत्येकीचे डोळे अंगणातल्या कशावर ना कशावर जात होते, माझ्या तंदूरच्या झाकणावर, फाटकाच्या पट्टीवर. त्यांच्याही घरी असलं काय काय असेल, ते आठवत असाव्यात.

अदिनाय दिसेना, तेव्हा मी आत गेले. ती पलंगाजवळ जमिनीवर बसली होती. उशाशी भिंतीच्या कोपऱ्यात एक खळगा पडला होता. रोज नखानं काढलेला, आतून गुळगुळीत झालेला. तिनं त्यात मूठ घातली. मनगटापर्यंत बसली.

"एजे, एवढं सगळं मी खाल्लं," ती म्हणाली.

मी तिला दंडाला धरून उठवू लागले. अंगणात सेझिम रडायला लागली होती. भुकेचं रडणं, आता आम्हाला कळतं. अदिनायच्या झग्यावर दोन ओले डाग उमटले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एजे, तिला पाजू का?"

मी तिचा दंड तसाच धरून उभी राहिले, आणि बाहेर पोर रडत राहिली.