किशनमामांचं नाक

नांदेडच्या औद्योगिक वसाहतीत नरसिंग शेठचा बर्फाचा कारखाना आहे. लग्नसराईत तिथून दिवसाला तीन-तीनशे लाद्या बाहेर पडतात. पाणी गोठवण्याचं काम अमोनिया नावाचा वायू करतो. नळ्यांमधून फिरत राहिला तर त्याच्यासारखा चाकर नाही. पण नळीतून बाहेर पडला की तो डोळे जाळतो, घसा जाळतो, आणि जास्त पडला तर माणूस आहे तिथेच कोसळतो. म्हणून वायू दाबणाऱ्या यंत्रापाशी, म्हणजे कॉम्प्रेसरपाशी, बसणाऱ्या माणसाचं नाक तिखट असावं लागतं.

किशनमामांचं नाक तसं होतं. तीस वर्षं ते मशीनरूममध्ये बसत आले होते. त्यांनी नुसती मान वर केली की हाताखालचा निवृत्ती पाना उचलायचा. गळती कुठल्या झडपेतून आहे, हे मामा उठण्याआधी सांगायचे. शेठ पाहुण्यांना कारखाना दाखवताना कॉम्प्रेसरनंतर मामांचं नाक दाखवायचे.

दोन वर्षांपूर्वी मामांना ताप आला. आठ दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. लोहा गावच्या घरी चुलीवर दूध करपून धूर झाला तरी मामा शेजारीच पेपर वाचत बसलेले पाहून रुक्मिणबाईंना शंका आली. त्यांनी हिंगाची डबी नवऱ्याच्या नाकाखाली धरली.

"काय हाय सांगा."

"मीठ," मामा म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, वास येईल हळूहळू. तो आला नाही. मामांचं वय अठ्ठावन्न, कोरडवाहू दोन एकर, आणि दुसरं कुठलंही काम येत नव्हतं. वास न येणारा माणूस कॉम्प्रेसरवर कोण ठेवील? मामा गप्प राहिले. रुक्मिणबाईही गप्प राहिल्या, पण रोज डबा भरताना त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

त्याच वर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. निवृत्तीनं प्रत्येक झडपेवर ओल्या हळदीचं बोट ओढलं. थोड्या वेळानं मामांचं लक्ष गेलं, तर एका झडपेजवळचं बोट तांबडं झालं होतं. कुंकू तर तिथे कुणी लावलं नव्हतं. मामांनी झडपेची चकती आवळली. पाव तासात बोट पुन्हा पिवळं झालं.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. साबण क्षारी असतो म्हणून तसं होतं. अमोनियाही ओलाव्यात विरघळला की क्षारीच. मामांना क्षार-आम्ल ठाऊक नव्हतं, पण दिसलं ते त्यांनी पकडलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मनगटावर हळदीत भिजवलेलं एक फडकं आलं. मशीनरूमच्या भिंतीवर पाच खिळ्यांना तशाच चिंध्या आल्या.

"मामा, हे काय?" निवृत्तीनं विचारलं.

"माहूरचं हाय. रेणुकामातेचं."

निवृत्तीनं फडक्याला हात लावून कपाळाला लावला. त्या दिवशी मामांना जेवण गोड लागलं नाही.

फडकं काम करत होतं, पण त्यात एक खोट होती. ते ओलं असेल तरच बोलायचं. गेल्या एप्रिलमध्ये एका दुपारी मामा ते भिजवायला विसरले. मशीनरूमच्या उकाड्यात ते वाळून पापड झालं. मामा पिवळ्या फडक्याकडे बघून निवांत बसले होते, आणि पंखा वायू बाहेर फेकत होता तिकडून लाद्या भरणारे दोघे खोकत, डोळे चोळत आले. "मामा, झोपलात का? वास केवढा सुटलाय!" मामांनी धावत जाऊन झडप बंद केली. कुणाला काही झालं नाही. मामा मात्र ते पिवळं, वाळलेलं फडकं विसरू शकले नाहीत.

यंदा तपासणीला आलेल्या साहेबांनी शेठना लेखी कळवलं, की वायू ओळखून भोंगा वाजवणारी यंत्रणा बसवा. एका मोठ्या शहरातल्या कंपनीनं आठ ठिकाणी सेन्सर बसवण्याचा खर्च पाठवला. तो वाचून शेठ दोन ग्लास पाणी प्यायले आणि त्यांनी लातूरच्या तनुजा मॅडमना बोलावलं. त्या अशाच यंत्रणा बसवायचं काम करत होत्या.

तनुजानं आल्या आल्या दर सांगितला नाही. अर्धा दिवस ती कारखान्यात फिरली. कुठली झडप वरचेवर उघडता, तेल कुठून काढता, मागच्या वर्षी कुठं गळलं, असं विचारत राहिली. शेवटी शेठच्या खोलीत येऊन बसली. चहा आला. मामा आणि निवृत्तीही कप घेऊन टेबलापाशी उभे होते.

"शेठ, आठ लागत नाहीत, चार पुरतात. छतावरच्या नळ्या उघड्या आभाळाखाली आहेत, तिथला वायू वाऱ्यानं जातो. थंड खोल्यांच्या आत सेन्सर लवकर मरतो, तिथं दाराबाहेर ठेवू. एक मशीनरूममध्ये, एक अमोनियाच्या टाकीपाशी, एक बर्फाच्या हौदावर आणि एक थंड खोल्यांच्या दाराबाहेर, माणसं लाद्या भरतात तिथं."

"आन् सेन्सर कंचा? लई स्वस्तातला बी मिळतो म्हणं."

"मिळतो. पण वायू ओळखणारी आतली पेशी, म्हणजे सेल, दोन-अडीच वर्षांत संपते. स्वस्तवाल्याची पेशी मिळत नाही, आख्खा डबा फेकावा लागतो. मी सांगते त्याची पेशी लातूरला मिळते, आणि बदलायला तुमचा निवृत्तीही शिकेल. बैल घेताना दाताबरोबर वैरण किती खातो तेही बघता की नाही?"

शेठ हसले. "बघतो की. दाखवा चालवून."

तनुजानं पिशवीतून एक सेन्सर काढून टेबलावर ठेवला आणि पातळ अमोनियाची बाटली उघडली. दोन क्षणांत लाल दिवा लागला आणि टिटवीसारखा आवाज सुरू झाला.

"अरे बाप रे! बंद करा बाई ते!" शेठनी रुमाल नाकाला लावला. निवृत्तीनं तोंड फिरवलं. मामा बाटलीला सगळ्यात जवळ होते. त्यांनी चहाचा घोट घेतला. मग इतरांकडे पाहून घाईनं गमछा नाकावर धरला.

तनुजानं टोपण लावलं. तिनं मामांकडे पाहिलं, मग त्यांच्या मनगटाकडे. पिवळ्या फडक्याची कड तांबडी झाली होती.

"चीज चांगली हाय," शेठ म्हणाले. "पर चार न्हाई, तीन बसवा. मशीनरूममधी आमचा किशन हाय ना. तिथं कशाला उगं खर्च?"

"शेठ, गळतीचा पहिला धोका तिथंच असतो. माणूस जेवायला उठतो."

"तो उठतो, त्याचं नाक उठत न्हाई!" शेठ स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले. "तुमच्या डब्यापरीस दहा वर्षं पुढं हाय ते. इचारा निवृत्तीला."

"हाव की," निवृत्ती म्हणाला.

तनुजानं कागद पुढे ओढला. "चालेल. तीन लिहिते. फक्त साहेबांना दाखवायला एक ओळ लागेल: मशीनरूममधली गळती किशनमामा वासानं ओळखतात. त्याखाली मामांची सही." तिनं ओळ लिहिली आणि पेन मामांपुढे धरलं. "बघा मामा. खरं असेल तर करा."

मामांनी पेन घेतलं. सही केली तर आणखी दोन-तीन वर्षं सरतील. चिंध्या भिजवत राहायचं, विसरायचं नाही. खिडकीतून लाद्या भरणारी माणसं दिसत होती. एप्रिलमध्ये खोकत आलेल्या दोघांपैकी एक जण लादीवर भुसा टाकत होता.

मामांनी पेन टेबलावर ठेवलं.

"शेठ, चौथं बसवा."

"का रे?"

"माझं नाक मेलंय. दोन वर्षं झाली."

"मस्करी नको करू."

मामांनी बाटलीकडे हात नेला. तनुजानं तो धरला. "मामा, नको. वास आला नाही तरी घसा जळतोच."

शेठनी विचारलं, "मग दोन वर्षं गळती कशी घावली तुला?"

मामांनी मनगट पुढे केलं आणि खंडेनवमीपासून सगळं सांगितलं. एप्रिलचंही.

"माहूरचं म्हणला व्हतास ना हे?"

"खोटं बोललो. हळद घरच्या डब्यातली हाय."

"आन् मी रोज पाया पडत व्हतो की त्याला!" निवृत्ती कळवळून म्हणाला.

एरवी शेठ हसले असते. आता त्यांचा चेहरा लाल झाला होता. "माझी आठ माणसं खाली राबून राहिली, आन् तू फडकं बघून राहिलास? एखादा मेला असता म्हणजे? मी काय तोंड दाखवलं असतं त्याच्या घरी?"

"चुकलं, शेठ."

"जा घरी. बोलावल्याबिगर येऊ नको."

मामा लोह्याला गेले. रुक्मिणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. आता डबा भरताना जीव खालीवर व्हायचा न्हाई." दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं माहूरला जाऊन आले. देवीच्या नावानं खोटं बोललो होतो, ते मामांना तिच्यापुढे सांगून टाकायचं होतं.

दहाव्या दिवशी तनुजा चारही सेन्सर घेऊन कारखान्यात आली. तीन बसवून झाले. चौथ्यापाशी काम अडलं. अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून सेन्सर उंचावर बसवतात. पण मशीनरूममध्ये एक जुना पंखा हवा बाहेर ओढत होता, आणि दुसरीकडून दारातून वारा येत होता. तनुजानं उदबत्ती लावून पाहिली. धूर कॉम्प्रेसरच्या वर न जाता मधेच वळायचा आणि पसरून जायचा.

"एक सेन्सर आहे, तो चुकीच्या जागी गेला तर नुसतीच शोभा," ती म्हणाली. "नाहीतर दोन घ्यावे लागतील. निवृत्ती, इथं गळलं की आधी कुठं कळतं?"

"मला कळत न्हाई मॅडम. मामा सांगायचे, मी आवळायचो."

तनुजाचं लक्ष भिंतीवरच्या पाच खिळ्यांकडे गेलं. चिंध्या वाळल्या होत्या. ती शेठकडे वळली. "शेठ, यातली कुठली चिंधी आधी लाल व्हायची, हे एकाच माणसाला माहीत आहे."

शेठनी पंख्याकडे बघतच फोन लावला. "किशन, ये. ... लगेच म्हणजे लगेच. ... बसनं ये, निवृत्तीची गाडी पंक्चर हाय."

मामा आले. कुणाकडे न बघता मशीनरूममध्ये गेले आणि दाराच्या वरच्या तुळईजवळच्या चिंधीकडे बोट केलं. "उन्हाळ्यात, पावसाळ्यात, कवा बी. पयली लाल तीच व्हती. कॉम्प्रेसरच्या वरची सगळ्यात शेवटी."

तनुजानं उदबत्ती पुन्हा लावली आणि या वेळी तुळईपाशी थांबून राहिली. वळलेला धूर भिंतीला घासत येऊन तिथंच साचत होता. तिनं खूण केली. सेन्सर तिथे बसला.

जाताना ती म्हणाली, "शेठ, शेवटचं आणि महत्त्वाचं. दर महिन्याला चारही सेन्सरना थोडा वायू दाखवून तपासा. हवा चांगली असली की डब्यावर शून्य दिसतं. डबा मेला तरी शून्यच दिसतं."

"वाळल्या फडक्यावाणी," मामा हळूच म्हणाले.

शेठनी ते ऐकलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "किशन, मशीनवर एकट्यानं बसायचं न्हाई आता. निवृत्तीचं नाक अन् तुझी अक्कल, दोन्ही संगं पायजे. आन् महिन्याच्या एक तारखेला हे डबे तू तपासायचे. तू एकटाच असा हायेस, जो शून्य बघून निवांत बसणार न्हाई." मग दारातून मागे वळून म्हणाले, "पुन्यांदा खोटं बोललास तर हौदात बुडवीन."

एक तारखेला मामांनी तोंडाला मुखवटा बांधला, काठीच्या टोकाला अमोनियाचा बोळा लावला आणि तो तुळईजवळच्या सेन्सरखाली धरला. दिवा लाल झाला. भोंगा असा वाजला, की लाद्या भरणारे सगळे बाहेर पळाले. निवृत्ती दाराबाहेर उभा राहून शिंकत होता.

"मामा, येतो का हो आता वास?"

"मला न्हाई. ह्याला येतोय."

मामांनी बोळा पाण्यात टाकला आणि दिवा पुन्हा हिरवा होईपर्यंत तिथंच थांबले. निवृत्तीला त्यांच्या मनगटावर एक नवं फडकं दिसलं. कोरडं होतं.

"आता हे कशाला?"

"हे माहूरचं हाय," मामा म्हणाले. "ह्याच्या पाया पडलास तरी चालंल."