तिसरा फटका

तेरखेड्याच्या वरल्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याला बारा वर्षं झाली. गोरोबा माने त्यांतल्या आठ नंबरच्या बुडाशी राखणीला बसू लागला, त्याला अकरा. पत्र्याची टपरी, एक खुर्ची, पाण्याचा कॅन आणि हातात बांबूची काठी. एवढ्या वर्षांत साहेबलोकांपैकी कुणी त्याला नावानं हाक मारली नव्हती. गाडीची काच खाली यायची, "वॉचमन, सगळं ठीक?" एवढं म्हणून परत वर जायची. त्याचं त्याला फारसं काही वाटत नसे. मनात सलत होतं ते वेगळंच.

मागच्या साली त्याच्या पाळीत केबल चोरीला गेली होती. साइटचे मॅनेजर युवराजसर यांनी त्याला ऑफिसपुढं सगळ्यांदेखत उभं केलं. "तुझ्या जागी कुत्रं बांधलं असतं, तर भुंकलं तरी असतं," म्हणाले. वयानं वीस वर्षांनी लहान माणूस. गोरोबा मान खाली घालून ऐकत राहिला. घरी बायकोला, कमलबाईला, त्यानं यातलं अक्षर सांगितलं नाही.

यंदा एप्रिलात आठ नंबर दुरुस्तीसाठी बंद होतं. वारा पडलेला. भर दुपारी, शेरडंसुद्धा सावली सोडत नव्हती, तेव्हा टपरीत पेंगत असलेल्या गोरोबाला लोखंडावर करवत फिरल्यासारखा आवाज आला. तो काठी घेऊन अनवाणीच उठला. टॉवरमागच्या चरात दोघं जण वाकून केबल कापत होते. एकानं त्याला बघितलं आणि बांधापलीकडची फटफटी गाठून तो पसार झाला. दुसरा चरातून वर चढता चढता घसरला.

पहिला फटका त्याच्या दंडावर बसला, हातातली करवत पडली. दुसरा पाठीत बसला आणि तो गुडघ्यावर आला. तिशीतला, काटकुळा गडी. त्यानं दोन्ही हात जोडले.

"मामा, नगं. पाया पडतो, मामा."

गोरोबाला तो ओळखू आला. शेजारच्या वस्तीवरचा मल्लिनाथ. पवनचक्क्यांचे पाये खोदत होते तेव्हा हाच पोरसवदा मल्लिनाथ डोक्यावर खडीच्या पाट्या वाहत होता. इथं थांबायला हरकत नव्हती. चोर हातात आला होता, पळायचं त्राण त्याच्यात नव्हतं. पण त्या क्षणी गोरोबाच्या कानात कुत्र्याचं ते बोलणं घुमलं आणि काठी तिसऱ्यांदा उठली. ती डोक्यावर बसली.

सुपरवायझर सरदारभाई आले, पोलीस आले. मल्लिनाथच्या डोक्याला सरकारी दवाखान्यात चार टाके पडले, दोन-तीन दिवसांत तो जामिनावर घरीही गेला. आणि गोरोबाच्या मागं लोक लागले, कसं पकडलं सांगा. तो सांगू लागला. पहिल्यांदा आडवंतिडवं, मग रंगवून. चोर पाया पडत होता, पण म्या सोडला न्हाय, हे सांगताना ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकायचं, म्हणून तो ते दरवेळी सांगायचा.

एक मेला कामगार दिनाचा कार्यक्रम होता. ऑफिसपुढं मांडव घातला होता. याच जागी वर्षापूर्वी गोरोबा मान खाली घालून उभा होता. या खेपेला त्याला आणि कमलबाईला पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. युवराजसरांनी माइक हातात घेतला.

"आपल्या साइटचे आदर्श कर्मचारी, श्री. गोरोबा ज्ञानोबा माने!"

बापाच्या नावासकट आपलं नाव कर्ण्यातून माळभर गेलेलं ऐकून गोरोबाला गहिवरून आलं. शाल, श्रीफळ, चौकटीतलं प्रमाणपत्र. कमलबाईची ओटी भरली. सर पुढं म्हणाले, "मित्रांनो, चोर यांच्या पाया पडत होता. तरी यांनी दयामाया दाखवली नाही. डोकं फोडलं त्याचं! कंपनीला अशी माणसं हवीत!"

टाळ्या कडाडल्या. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. गोरोबा हसत हात जोडून उभा होता. त्यानं कौतुकानं बायकोकडं पाहिलं. कमलबाई टाळी वाजवत नव्हती.

घरी परत येताना ती त्याच्या दोन पावलं पुढं चालत होती. वस्तीजवळ आल्यावर म्हणाली, "अवो, पाया पडत व्हता का त्यो?"

"व्हय."

"आन् मंग बी मारलं?"

"चोर व्हता, कमल."

"त्ये मला ठावं हाय," ती म्हणाली. "म्या येगळंच इचारलंय."

गोरोबा घरात शिरला. प्रमाणपत्र त्यानं भिंतीवर टांगलं. दोन दिवस तिनं त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

पुढच्या पंधरवड्यात मल्लिनाथचं डोकं दुखू लागलं. उलट्या झाल्या, बोलणं अडखळू लागलं. सोलापूरला नेलं, तिथं डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळलंय, उशीर झाला. चौथ्या दिवशी तो गेला.

ती बातमी कळली त्याच दिवशी सरदारभाई गोरोबाच्या दारात आले. चहाला नको म्हणाले, खाटेच्या कडेला टेकले.

"गोरोबा, कंपनीचे कपडे आणि आयकार्ड दे बाबा. वरून फोन आलाय."

"कामून?"

"कंपनी म्हणती, हा आमचा माणूस न्हाय. ठेकेदाराचा हाय. आन् ठेकेदार म्हणतो, मार्चमध्येच काढला होता." सरदारभाईंना त्याच्याकडं बघवत नव्हतं. "सत्काराचे फोटो पण काढून टाकलेत ग्रुपवरून. युवराजसर म्हणाले, ते सर्टिफिकेट पण आण."

कमलबाई आत गेली, तिनं भिंतीवरची चौकट उतरवली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"अजून एक," सरदारभाई हळूच म्हणाले. "पोलिसांनी इचारलं तर सांग, पळताना चरात पडला, दगड लागला डोक्याला. तुला वाचवायचं म्हणून सांगतोय. बघणारं कुणी नव्हतं तिथं."

"म्या व्हतो की," गोरोबा म्हणाला.

सरदारभाई उठले. अंगणात जाऊन थोडा वेळ उभे राहिले. "मला पण पोटासाठी करावं लागतं रे," म्हणाले आणि निघून गेले.

पोलिसांचं बोलावणं दुसऱ्या दिवशीचं होतं. सकाळी गोरोबानं तोंड धुतलं, पण ठाण्याकडं न जाता तो मल्लिनाथच्या वस्तीकडं वळला. कमलबाई मागोमाग निघाली. त्यानं तिला परत जा म्हटलं नाही.

दारात माणसं बसली होती. कुणीतरी त्याला ओळखलं आणि एक जण अंगावर धावून आला. मल्लिनाथची बायको ज्ञानेश्वरी उंबऱ्यातच बसली होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बोलू द्या त्यास्नी."

गोरोबा उंबऱ्यापुढं येऊन खाली बसला. शेवटी तीच म्हणाली, "चोरी केली त्यांनी. न्हाय म्हणत न्हाय म्या. धरलं, बांधलं, पोलिसाला दिलं, त्ये बी बरोबर. दंडावर मारलं, पाठीत मारलं, त्ये बी सोडा. डोक्यात कामून मारलं, मामा?"

त्यानं वर्षभरापूर्वीचं सगळं सांगितलं. ऑफिससमोरची ती सकाळ, कुत्र्याचं बोलणं, बघ्यांचं हसणं. आजवर कुणालाच न सांगितलेलं तो त्या बाईला सांगत होता आणि शेजारी उभी असलेली कमलबाई पहिल्यांदाच ऐकत होती.

ज्ञानेश्वरीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "मंग त्यो फटका त्या सायबाचा व्हता. माझ्या मालकाला कामून दिला?"

गोरोबानं जमिनीला हात लावून नमस्कार केला. तिनं पाय आत ओढून घेतले.

ठाण्यात त्यानं घडलं तसं सांगितलं. तिन्ही फटके सांगितले, मल्लिनाथनं हात जोडले होते हेही सांगितलं. लिहून घेणारा जमादार दोनदा थांबून म्हणाला, "नीट इचार कर, म्हाताऱ्या. चरात पडला असंल." गोरोबा म्हणाला, "न्हाय पडला. म्या मारला." नोकरी काय, असं विचारल्यावर त्यानं पवनचक्कीच्या कंपनीचं नाव सांगितलं. जमादारानं कंपनीचं पत्र काढून दाखवलं, या नावाचा कुणी कामगार आमच्याकडं नाही. मग त्या रकान्यात त्यानं 'मजुरी' लिहिलं.

गोरोबाला अटक झाली. गावातल्या वकिलानं कपाळाला हात लावला, स्वतःच्या तोंडानंच पाय खोलात नेला म्हणाला. माळावर आठ नंबरला नवा माणूस बसला. चक्की पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी कमलबाई डबा घेऊन आली. गजाआड तो भिंतीला टेकून बसला होता. तिनं भाकरी आणि पिठलं पुढं केलं.

"तुझा राग गेला का?" त्यानं विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. "जायचा बी न्हाय लवकर."

त्यानं मान हलवली.

"कुत्र्याचं त्ये बोलणं त्याच दिशी मला सांगाया पायजे व्हतं तुमी," ती म्हणाली. डोळे पदरानं पुसून तिनं पाण्याचा तांब्या गजातून आत सरकवला. "खावा आता. निवल."